सडा, खाडी आणि एकच गिअर

रत्नागिरीत सपाट रस्ता शोधायचा तर पूल गाठावा लागतो, नाहीतर पुळण. बाकी सगळी चढउतार. सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांनी जांभ्याचं पठार चिरत समुद्र गाठला. दोन नद्यांच्या मध्ये उरला तो सडा आणि नदीच्या मुखाशी तयार झाली ती खाडी. किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यापुढे मग दुसरा इलाजच उरत नाही. सड्यावर चढायचं, खाडीत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने निघालेल्याला हे पहिल्या काही किलोमीटरांतच कळतं. डाव्या हाताला नारळ संशोधन केंद्र, उजवीकडे सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र, असा सरळ रस्ता झरी विनायकाच्या देवळापर्यंत जातो आणि तिथून जो चढतो तो थेट सड्यावर.

अशा मुलखात एकाच गिअरच्या सायकलवर तालीम करायची, हे ऐकणाऱ्याला आडमुठेपणाचं वाटतं. बाजारात 21 आणि 24 गिअरच्या सायकली असताना ही शिक्षा कशासाठी? पण कोकणातली सायकल कित्येक दशकं एकाच गिअरची होती. पोस्टमन, पेपरवाला, सकाळी हॉर्न वाजवत वाडीवाडीत फिरणारा पाववाला या सगळ्यांनी घाट्या चढल्या त्या काळ्या, जड, एकाच चकतीच्या सायकलवर. घाटी फारच अंगावर आली की उतरून सायकल हातात धरायची, यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आज एक गिअर मुद्दाम निवडणारा सायकलस्वार तीच जुनी वाट धरतो. फरक इतकाच की त्याला ती तालीम म्हणून हवी असते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून घ्यायला हव्यात, कारण दुकानातसुद्धा त्यांची गल्लत होते. सिंगल स्पीड म्हणजे एकच गिअर, पण मागच्या चाकाला फ्री असलेली सायकल. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं आणि फ्रीचा टकटक आवाज येत राहतो. फिक्स्ड गिअरला ही फ्रीच नसते. मागची दातेरी चकती हबवर घट्ट बसवलेली असते आणि ती सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्याची लॉकरिंग चढवतात. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर पाय सोडून बसण्याची सोय नाही. काही हबना दोन्ही बाजूंनी आटे असतात, एका बाजूला फ्री आणि दुसऱ्या बाजूला फिक्स्ड चकती. चाक काढून उलटं बसवलं की सायकलचा स्वभाव बदलतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी अशी दुतोंडी हब फार कामाची, आणि का ते पुढे येईलच.

सायकलच्या इतिहासात फिक्स्ड हीच मूळ अवस्था आहे. उंच पुढच्या चाकाच्या सायकलीत पायडल थेट चाकालाच जोडलेलं असायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री रूढ होऊ लागली, पण शर्यतीतल्या सायकलींवर गिअर बदलण्याचं यंत्र यायला आणखी बराच काळ गेला. 1903 मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्सने चालू सायकलवर गिअर बदलणारा डिरेलर स्वीकारला तो 1937 मध्ये. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, मागचं चाक काढत, उलटं करून मोठ्या चकतीच्या बाजूने बसवत आणि मग चढाला लागत. टुलिओ कंपान्योलो या इटालियन स्पर्धकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1927 मध्ये क्रोचे द आउने खिंडीत, थंडीने बोटं गारठलेली असताना त्याला चाकाचे नट सुटेनात. त्या अडचणीतून चाक झटकन काढण्याची कळ जन्माला आली. आज जगभर ती सायकलच्या चाकात दिसते.

ट्रॅकवरून मात्र फिक्स्ड गिअर कधी गेलाच नाही. एडी मर्क्सने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत तासाचा विक्रम केला तो एकाच गिअरवर, पुढे 52 आणि मागे 14 दाते लावून. एका तासात 49.431 किलोमीटर. फिलिपो गान्नाने 2022 मध्ये 56.792 किलोमीटर कापले तेही एकाच गिअरवर, पण पुढे 65 आणि मागे 14 दाते घेऊन. हिशेब केला तर मर्क्सचे पाय मिनिटाला सुमारे 105 फेरे मारत होते आणि गान्नाचे शंभराच्या आत. जपानमध्ये 1948 पासून चालत आलेली केइरिन शर्यतही ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलींचीच.

महाराष्ट्रात ही विद्या बालेवाडीच्या वेलोड्रोमवर शिकायला मिळते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, तिचाच तो भाग. भंडारा जिल्ह्यातून आलेल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे रस्ता आणि ट्रॅक अशा दोन्ही प्रकारांत चमकली. रत्नागिरीत वेलोड्रोम नाही. इथल्या होतकरू सायकलस्वाराला ट्रॅकची शिस्त हवी असेल तर ती रस्त्यावरच कमवावी लागते.

कमाईची सुरुवात दात्यांच्या हिशेबापासून होते. सायकल स्टँडवर चढवावी, चेनव्हीलच्या एका दात्याला खडूची खूण करावी आणि मोजत जावं. मग मागची चकती. साध्या काळ्या सायकलला पुढे बहुधा 44 ते 48 आणि मागे 18 ते 22 दाते निघतात. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागच्या चाकाचे किती फेरे होतात ते कळतं. त्याला चाकाच्या घेराने गुणलं की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे सरकते ते मिळतं.

रत्नागिरीच्या रस्त्यांसाठी पुढे 44 आणि मागे 17 ही जोडी धरून चालू. 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरचं रोड सायकलचं चाक घेतलं तर त्याचा घेर सुमारे 2.136 मीटर. 44 भागिले 17 गुणिले 2.136 म्हणजे साडेपाच मीटरांहून किंचित जास्त. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी 20 किलोमीटर, 90 मारले तर 30, आणि 120 मारले तर 40. म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना 3 ने भागलं की ताशी वेग हातात. याहून सोपी युक्ती अशी, की घड्याळ लावून 20 सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली येतो ते मोजायचं. येईल तो आकडाच ताशी वेग. हँडलवर कसलंही यंत्र नको.

मागे एक दाता वाढवला किंवा कमी केला तर गिअर सुमारे 6 टक्क्यांनी बदलतो. पुढे एक दाता बदलला तर फक्त सव्वादोन टक्क्यांनी. म्हणून मोठा फरक हवा तर मागची चकती बदलावी, बारीक जुळवणी हवी तर पुढचं चेनव्हील. ज्याच्या घराभोवती चढच जास्त आहेत, त्याने मागे 18 घ्यावी. चौकात मिरवायला जड गिअर लावून गुडघे दुखवून घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

आता चढ. सायकलस्वार 65 किलोचा, सायकल 11 किलोची आणि घाटी 6 टक्क्यांची धरू. 6 टक्के म्हणजे 100 मीटर पुढे जाताना 6 मीटर वर. ताशी 12 किलोमीटरने चढायचं तर ढोबळ हिशेबाने 170 वॅटच्या आसपास ताकद लागते, मग सायकल कुठलीही असो. पुढे 34 आणि मागे 28 दात्यांचा हलका गिअर असलेला मनुष्य हीच ताकद मिनिटाला 77 फेऱ्यांत वाटून टाकतो. पायडलवर त्याचा सरासरी दाब साधारण 13 किलो वजनाइतका पडतो. 44 बाय 17 वाल्याच्या वाट्याला मिनिटाला जेमतेम 36 फेरे येतात आणि दाब 27 किलोंच्या पुढे जातो. काम तेच, पण प्रत्येक पावलावर ओझं दुप्पट. बसून हे झेपत नाही. सीटवरून उठून, हँडल हातांनी ओढून, शरीराचं वजन पायडलवर टाकावं लागतं. वेटलिफ्टरची मेहनत आणि सायकलिंग यांच्या सीमेवरची ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती आठवड्यातून एकदोनदाच करावी.

मात्र रत्नागिरीतली खरी शाळा भरते ती उतारावर.

गिअरच्या सायकलवर उतार म्हणजे विश्रांती. सड्यावरून खाडीकडे निघालं की पाय थांबतात, वारा कानाला लागतो आणि चढावर जमलेला दम खाली पोचेपर्यंत ओसरतो. फिक्स्डवर उलट होतं. उतारावर सायकल ताशी 45 ला गेली की 44 बाय 17 वर पायांना मिनिटाला 135 फेरे मारावे लागतात. एवढ्या वेगात ज्याचे पाय गोल फिरत नाहीत तो सीटवर उडायला लागतो. पाय खाली दाबायची सवय असते, पण वर येणाऱ्या पायाची वाट मोकळी करायची सवय नसते. मग खाली जाणारा पाय दुसऱ्या पायाला वर ढकलण्यात ताकद घालवतो, आणि उतारावर ही चूक लपत नाही. कंबर हलायला लागली की समजावं, वेग पायांच्या पलीकडे गेला. ब्रेक लावावा आणि मिनिटाला 100 ते 110 फेऱ्यांवर यावं. काही आठवड्यांनी तीच कंबर 120 लाही शांत राहते. युरोपातले जुने स्पर्धक हिवाळ्यात फिक्स्ड सायकल बाहेर काढत ती याच गोलाईसाठी.

उतार आणखी एक काम करून घेतो. वेग आवरायला सायकलस्वार वर येणाऱ्या पायडलला रेटा देतो. तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. गड उतरताना नेमकं हेच होतं. चढताना फक्त दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. रायगडाच्या पायऱ्या उतरून आलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून फिक्स्डच्या पहिल्या पंधरवड्यात उतार फार घ्यायचे नाहीत. शिवाय पायांचा रेटा हा ब्रेकला पर्याय नव्हे. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवण्याची बरीचशी ताकद तिथेच असते. ट्रॅकवर ब्रेक नसतो कारण तिथे समोरून एसटी येत नाही. रस्त्यावरच्या फिक्स्डला पुढचा ब्रेक हवाच, आणि रत्नागिरीच्या घाट्यांत मागचाही असावा.

वळणाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. साध्या सायकलवर वळताना आतल्या बाजूचं पायडल वर धरता येतं. फिक्स्डवर ते फिरतच राहतं, आणि सायकल जास्त कलली तर रस्त्याला घासतं. मागचं चाक उचललं जातं आणि सायकलस्वार गडग्याच्या दिशेने जातो. म्हणून वळणाच्या आधीच वेग उतरवायचा आणि वळण कमी कलून घ्यायचं. 165 मिलिमीटरचे आखूड क्रँक असले तर जमिनीपासून थोडी जास्त जागा मिळते आणि पायही हलके फिरतात.

सर्वांत मोठा धोका मात्र रस्त्यावर नसून घराच्या पडवीत असतो. स्टँडवर चढवलेल्या फिक्स्डची चेन फडक्याने पुसताना चाक हाताने फिरवू नये. चेनव्हीलमध्ये फडकं अडकलं की फ्रीसारखं चाक सुटं होत नाही. वेगात असलेलं चाक चेनला, आणि चेन बोटाला, ओढून नेतं. बोट तुटण्याचे अपघात असेच होतात. पुसायचं तर चाक थांबवून, चेनचा वीतभर तुकडा पुसून, मग पुढे सरकवायचं. बुटाची नाडी आणि पँटची मोहरी यांनाही हाच नियम.

चेनचा ताणही बोटानेच तपासतात. चेनव्हील आणि मागची चकती यांच्या मधोमध चेन वरखाली ढकलली तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. ढिली असेल तर उतारावर निसटते आणि मागचं चाक जागीच अडकू शकतं. फार ताठ असेल तर बेअरिंग खाते. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं, म्हणून पायडल थोडं थोडं फिरवून तीनचार ठिकाणी ताण पाहावा आणि जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे जुळवावा.

तालमीचा आराखडा आठ आठवड्यांचा, आणि त्याची जागा ठरलेली. पहिले दोन आठवडे चाक फ्रीच्या बाजूने. भाट्याचा पूल ते झरी विनायक हा सपाट पट्टा आणि त्यापुढचा गोळपचा सडा, आठवड्यातून चार दिवस, दर खेपेस तासभर. पुलावर आणि सड्यावर 20 सेकंदांची मोजणी. घाटी चढवेना तर उतरून चालावं. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चाक उलटवावं आणि फिक्स्डवर फक्त सपाटीवर राहावं. निघणं, थांबणं आणि न थबकता पाय फिरवत राहणं, एवढंच शिकायचं. पहिल्या दिवशी प्रत्येक जण सवयीने पाय थांबवायला जातो आणि सायकल त्याला सीटवरून उचलते. तिसऱ्या दिवशी हे थांबतं.

पाचवा आणि सहावा आठवडा उत्तरेकडचा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयावरून साखरतरची खाडी ओलांडून आरे-वारेच्या रस्त्याला लागायचं. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मधलं डोंगराचं टोक रस्ता चढून पार करतो, आणि माथ्यावरून दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो. पर्यटक तिथे गाड्या थांबवतात, म्हणून सकाळी सातच्या आत ते टोक ओलांडलेलं बरं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच खरा उतार इथे फिक्स्डवर घ्यायचा, ब्रेकवर बोटं ठेवून. सातव्या आणि आठव्या आठवड्यात गणपतीपुळे. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना 25 किलोमीटर आणि येताना 25. आठवड्यातला एक दिवस चढाचा, एक दिवस हलक्या पायाने जलद फेऱ्यांचा, एक लांब पल्ल्याचा आणि दोन दिवस सायकलला हातही न लावण्याचे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर गिअर जड आहे किंवा सीट खाली आहे. मागच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा जास्त वर आहे. दुखणं अंगावर काढू नये. मागे 17 ऐवजी 18 ची चकती लावून पाहावी.

या आठ आठवड्यांनी हृदयाला किंवा फुप्फुसांना काही जादू मिळत नाही. तासभराची मेहनत कुठल्याही सायकलवर तासभराचीच. मिळतं ते पायांना. मिनिटाला 36 फेऱ्यांपासून 120 फेऱ्यांपर्यंत एकाच गिअरवर काम करण्याची तयारी, आणि एका क्षणाचीही सुट्टी न घेता फिरत राहण्याची सवय. गिअरच्या सायकलवर परतल्यावर तीच सवय सोबत येते. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, तिच्यात 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. 44 बाय 17 वर मिनिटाला 60 फेऱ्यांची सरासरी ठेवली तर चालत्या सायकलचे तास होतात 10. चहा, पंक्चर आणि चालत चढायच्या घाट्या यांसाठी साडेतीन तास शिल्लक राहतात.

वारा ओळखणाऱ्याला किनाऱ्यावर निम्मी मदत फुकट मिळते. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे सगळेच शिकतात, सायकलवर त्यांचा अर्थ कळतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे येणारा मतलई मंद असतो. ऊन तापलं की खारा वारा सुटतो, आणि उन्हाळ्यात तो वायव्येकडून जोरात येतो. म्हणून पहाटे गणपतीपुळ्याकडे उत्तरेला जावं आणि ऊन चढल्यावर वारा पाठीशी घेऊन रत्नागिरीला परतावं. उलट केलं तर सपाटीवरही चढ लागल्यासारखं वाटतं, आणि गिअर हलका करायची कळ तर हँडलवर नसतेच.

जूनपासून मात्र हिशेब बदलतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर सड्याची लाल माती रस्त्यावर उतरते, आणि आंब्याच्या बागांच्या सावलीत शेवाळ धरतं. अशा उतारावर मागचं चाक पायाने रोखलं तर ते घसरणारच. पावसाळ्यात चाक पुन्हा फ्रीच्या बाजूने उलटावं. आंबा घाटासारख्या लांब उतारावर तर कोणत्याही ऋतूत फ्री आणि दोन ब्रेक असल्याशिवाय जाऊ नये. साखरप्यापुढे रस्ता सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो आणि कोल्हापूरकडून येणारे ट्रक तिथे वळणावळणावर असतात.

एका चकतीची चेन जाड आणि रुंद असते, गिअरच्या चेनपेक्षा जास्त टिकते, पण खाऱ्या हवेपुढे तिचंही चालत नाही. दर आठवड्याला रॉकेल किंवा डिझेलने पुसून, सुकवून, एकेका सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडायचा. महिन्यातून एकदा पट्टी लावून मोजायची. चेनचे 24 सांधे म्हणजे नवेपणी नेमके 12 इंच. तेच 12 इंचांवर 1/16 इंच जास्त भरले की चेन बदलायची, नाहीतर ती चकतीचे दाते खाऊन टाकते.

या सगळ्याची नोंद एका वहीत तीन रकान्यांत मावते. भाट्याच्या पुलावर 20 सेकंदांत किती फेरे, झरी विनायकाच्या चढावर किती, आणि परतताना त्याच उतारावर किती. पहिल्या आठवड्यात पुलावर 22, चढावर 10 आणि उतारावर फ्री असल्याने शून्य, असं काही लिहिलेलं असेल. आठव्या आठवड्यात तिसऱ्या रकान्यात 36 आला आणि तो लिहिताना सायकलस्वाराला सीटवर उडल्याचं आठवत नसेल, तर पुढच्या रविवारी मागे 16 ची चकती लावून पाहायला हरकत नाही.